बहिणीच्या गावाला

किनगावात पहिल्यांदा विचारलं कुणीतरी,
"गाडी बिघडली का, सर?"
म्हटलं, नाही, सायकलनंच निघालोय.
"पैज हाय?" नाही. "नवस?" नाही.
तो कोड्यात पडला, आणि मीही.
अंबाजोगाईतल्या टायपिंग क्लासला कुलूप लावून,
अकरा यंत्रं किलोच्या भावानं भंगारात देऊन
एक माणूस देगलूरला का निघतो,
मला तरी कुठं ठाऊक होतं?
घंटी वाजवणाऱ्या अंगठ्याला
अजून स्पेसबारचीच सवय.

शिरूर ताजबंदपर्यंत उत्तर तयार झालं:
बहिणीकडं चाललोय.
लगेच निवले लोकांचे चेहरे.
बहिणीकडं जाणाऱ्याला कुणी 'का' विचारत नाही,
फक्त किती राहिलं ते सांगतात,
तेही चुकीचं.
"हे काय, दोन कोस."
ते दोन कोस मी दीडपासून साडेचारपर्यंत तुडवत होतो.

मला बहीण नाही.
राखीपौर्णिमेला मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

मुखेडच्या अलीकडं मागचं चाक बसलं.
बाभळीचा काटा, आरपार.
दोन्हीकडं कणसात आलेली ज्वारी,
मधे करडईची पिवळी पट्टी,
माणूस एक नाही.
मग लाडलेसाब आला लुनावर, मागं बकरी बांधलेली.
बकरीची दोरी माझ्या हातात देऊन
त्यानं चाक खोललं,
आपल्याच प्यायच्या पाण्यात ट्यूब बुडवून
बुडबुडा शोधला.
पैसे काढले तर म्हणाला,
"रखो सर. बहनके घर जारै ना,
भांजे पैले हात देखते."
बकरीनं तेवढ्यात माझा नकाशा खाल्ला होता,
अहमदपूरपासून पुढचा.

अंधार पडला म्हणून त्यानंच नेलं
सोजरबाईच्या दारात.
माझ्याआधी माझी थाप पोचली:
"यांची बहीण देगलूरात दिल्येली."
पत्र्याचं घर, चुलीवर येसराची आमटी,
भाकरीला बोटांचे पाच ठसे.
"नाव काय हो बहिणीचं?"
तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटांच्या चुका काढल्या मी,
आता माझीच जीभ अडली.
यंत्रं गोदरेजची होती. तोंडात 'गोद' एवढंच आलं,
म्हटलं, गोदावरी.
"थोरली का धाकली?"
धाकटी, म्हटलं,
आणि रात्रभर बाजेवर
त्या धाकटीची काळजी करत पडलो.

पहाटे तिनं ट्रंक उघडली.
डांबरगोळीचा वास असलेला जांभळा खण,
तिला कुणीतरी कधीतरी दिलेला,
घडीच्या रेषांवर रंग विटलेला. वर एक नारळ.
"रिकाम्या हातानं जाऊ ने बहिणीकडं.
गोदावरीला सांगा, सोजरमावशीनं दिलाय."
मला खरं सांगता आलं असतं.
सायकलला हात लावून ती म्हणाली, "निघा, ऊन व्हईल."
मी निघालो.

देगलूरला बसस्टँडसमोर चहा प्यालो.
नारळ कॅरिअरवर, खण पिशवीत.
शेजारच्या बाकावर एक बाई लेकराला सांगत होती,
"मामा येतेत आता, बस लागू दे."
बस लागली. मी बघत राहिलो
कोण उतरतंय.

परतताना नरसीकडून फिरून जायचं ठरवलं होतं.
चाळीसेक किलोमीटर जास्तीचे,
पण सोजरबाईचं दार टळलं असतं.
फाट्यावर एक पाय टेकवून बराच वेळ उभा राहिलो.
एका ट्रॅक्टरवाल्यानं ओरडून विचारलं,
"रस्ता चुकलाव का?"
म्हटलं, हो.
"कुठं जायचंय?"
आणि मी मुखेड म्हणालो.

ती दारातच होती, तूर पाखडत.
सगळं सांगून टाकावं, खण परत द्यावा
म्हणून मी पिशवीत हात घातला.
तिनं सूप खाली ठेवलं,
वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं.
"टिकली की हवा," म्हणाली,
आणि चहा टाकायला आत वळली.
माझा हात पिशवीतच.